तुझ्या नावाचं ताट

हेमा,

तुझ्या अंत्ययात्रेला किती माणसं होती, ते तुला सांगायचं राहिलं. मला माहीत आहे, कारण मी मोजत होते. डोळ्यांना पदर लावून, पदराच्या आडून मोजत होते. नात्यातले, वाडीतले, बाजारात तुझ्या शेजारी टोपली घेऊन बसणाऱ्या बायका, इथपर्यंत माझं नीट चाललं होतं. मग एकामागून एक कॉलेजची पोरं यायला लागली. कोणी विरारहून, कोणी नालासोपाऱ्याहून, पाठीला सॅक, डोळे सुजलेले. गिरीजच्या आपल्या बोळात स्कूटर लावायला जागा उरली नाही. तिथे माझी मोजणी चुकली. आणि तू अंगणात निजलेली असताना माझ्या मनात काय आलं, सांगू? माझ्या वेळी ह्यातली निम्मी तरी येतील का?

हसू नकोस. म्हणजे, तू हसलीच असतीस, मला ठाऊक आहे.

मी तुझ्यावर जळायचे. चोवीस वर्षांपूर्वी तू धाकटी जाऊ होऊन आलीस त्या दिवसापासून. तुझे केस, तुझा रंग, सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात तुझ्या हातात दिलेली सुकेळ्यांची जबाबदारी, सगळ्यावर. मी चार वर्षं आधी आलेली, पण राजेळी केळी सोलून उन्हात कधी घालायची, कधी उलटायची, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. म्हणायच्या, "मंगलचं तोंड चालतं, हात नाही." खरंच होतं ते. घरात कोणाचंही लग्न असो, मांडवात बायका माझ्याभोवती जमायच्या. अमक्या मामांचं धोतर कसं सुटलं, तमकी आत्या चुकीच्या लग्नात जेवून कशी आली, हे मी सांगायचं आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं. गोष्ट सांगणं हा माझा प्रांत. तुला तर गोष्ट सांगताच यायची नाही. "त्या आत्या चुकीच्या लग्नात जेवून आल्या ना, त्याची गंमत सांगते," अशी तू सुरुवात करायचीस. मग पुढे काय राहिलं? पण ऐकायला तुझ्यासारखी कोणी नव्हती. शंभरदा ऐकलेल्या गोष्टीलाही बरोबर जागेवर हसायचीस. आता मी काही सांगायला लागले की तू बसायचीस त्या कोपऱ्यात माझी नजर अजून जाते.

भाऊजी गेले, आणि पंधरा दिवसांनी तुझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्यांच्याकडून तुला आलं होतं. माझी सई तेव्हा सात वर्षांची. आम्ही नुकतेच चंदनसारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. तेव्हा सगळे म्हणाले, मंगलनं जावेला धीर दिला हो, सख्ख्या बहिणीसारखी उभी राहिली. उभी राहिले हे अक्षरशः खरं आहे. हॉस्पिटलात तुझ्याबरोबर आले आणि तासभर उभीच राहिले, कारण तिथल्या बाकावर बसायची मला भीती वाटली. समुपदेशक बाईंनी आपल्या दोघींना समोर घेऊन समजावलं, रोज गोळी घ्यायची, चुकवायची नाही, नीट घेतली की पूर्ण आयुष्य जगता येतं. एकत्र जेवल्यानं, एका पेल्यातून प्यायल्यानं, शेजारी झोपल्यानं हे होत नाही. मी मान डोलावली. अगदी शहाण्यासारखी डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

त्या वर्षीच्या गणपतीत तू आमच्याकडे राहायला येणार होतीस. त्याच्या आदल्या आठवड्यात मी भांड्यांच्या दुकानात गेले.

आपल्या घरातल्या भांड्यांवर कोणाकोणाची नावं आहेत, आठवतंय? कुणाच्या मुंजीत आलेली, कुणाच्या बारशातली. मी स्वतः लग्न झाल्यापासून 'चि. अरुण याच्या मुंजीनिमित्त' असं कोरलेल्या ताटात जेवत होते, आणि हा अरुण कोण, ते सासूबाईंनाही सांगता यायचं नाही. नाव कोरायचं ते दिलं कोणी हे कळावं म्हणून. जेवताना नाव कोणी बघत नाही, हाताला येईल ते ताट घ्यायचं. पण मी दुकानात ताट, दोन वाट्या आणि पेला असा संच निवडला, तो नाव बघून वाढण्यासाठी. दुकानदारानं ते गुरगुरणारं मशीन लावलं आणि विचारलं, "काय लिहू, वहिनी?" मी म्हटलं, "श्रीमती हेमलता. मोठ्या जाऊबाईंकडून सप्रेम भेट."

सप्रेम! लिहिताना त्याचा हात थरथरला नाही, माझीही जीभ अडखळली नाही.

तू ताट हातात घेतलंस. फिरवून वाचलंस. मग माझ्याकडे बघितलंस. फार नाही, वाचायला लागला त्याहून थोडा जास्त वेळ. म्हणालीस, "छान आहे, ताई. जड आहे."

बस्स. त्यानंतर तेरा वर्षं तू आमच्याकडे त्याच ताटात जेवलीस. स्वतः घासून, पुसून, वरच्या फळीवर एका बाजूला ठेवायचीस, मला सांगावं लागायचं नाही. आलागेला म्हणायचा, बघा, जावेसाठी खास नाव घालून ताट! मी कौतुक घ्यायचे. आणि तुझ्याकडे गिरीजला आले की मला हमखास उपास असायचा. उपास नसला तर पित्त, पित्त नसलं तर "आत्ताच खाऊन निघाले गं." तू पाठवलेल्या सुकेळ्यांच्या पुड्या मी शेजारी वाटायचे, म्हणायचे, आमच्यात सगळ्यांना साखर. साखर फक्त ह्यांना आहे. तीही काठावरची.

सईला मात्र कोणी काही शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांची असताना एकदा तुझ्या शेजारी बसून तिनं तुझ्याच ताटातली पुरी उचलली. मी ओरडले, "सई! काकीचं नाव आहे त्यावर!" पोरगी पुरी तोंडात धरून ताटावरची अक्षरं वाचायला लागली. "आई, सप्रेम म्हणजे काय?" तू म्हणालीस, "प्रेमानं, बाळा." आणि उरलेली अर्धी पुरी तू खाल्लीस.

त्या दिवसापासून ती तुझी झाली. हे मी तुला माफ केलेलं नाही. तिला पाळी आली ते तिनं आधी तुला फोन करून सांगितलं. अकरावीतला तो बासरी वाजवणारा मुलगा तुला माहीत होता, मला तो बारावीत त्यांचं फिसकटल्यावर कळला. शनिवार आला की ही सॅक भरून गिरीजला. मी म्हणायचे, "काय ठेवलंय तिथे?" म्हणायची, "काकी ऐकते गं." आणि मी? मी काय बहिरी होते? बहिरी नव्हते, बोलत होते. तेवढाच फरक.

मग तू त्या समुपदेशक बाईंबरोबर कॉलेजांमधून बोलायला जायला लागलीस. तुला ज्यांनी कधी गोष्ट सांगताना ऐकलं नाही, त्यांना माझा धक्का कळायचा नाही. आणि गेल्या वर्षी सईच्याच कॉलेजात तुझं भाषण ठरलं. ती राष्ट्रीय सेवा योजनेत, तिनंच ठरवलं. मला म्हणाली, "तू नाही आलीस तरी चालेल." म्हणून मी गेले. शेवटच्या रांगेत, खांबाआड. खरं सांगते, तू अडखळावंस असं मला वाटत होतं. थोडंसंच.

तू टेबलावर फुलांची करंडी ठेवलीस आणि एक स्टीलचा पेला. म्हणालीस, "ज्यांना विचारायचंय त्यांनी चिठ्ठी टाका, नाव नको. चिठ्ठी मी मोठ्यानं वाचणार. एकच नियम, कोणाची असेल म्हणून मान वळवायची नाही." मग काय एकेक चिठ्ठ्या! मच्छर चावला तर? न्हाव्याकडे दाढी केली तर? 'किस केल्यावर होतो का, मित्रासाठी विचारतोय.' तू गंभीरपणे म्हणालीस, "मित्राला सांग, नाही होत. पण मुलीला विचारून कर." हॉल कोसळला. माझ्या एकाही गोष्टीला एवढं हसू कधी मिळालं नव्हतं. मी खांबाआड दात आवळून बसले.

हसू ओसरल्यावर तू विचारलंस, "एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं एचआयव्ही होतो, असं कोणाकोणाला वाटतं?" एकही हात नाही. "होत नाही, असं?" सगळे हात वर. माझाही. मग तू पेला उचललास, अर्धं पाणी प्यायलीस, आणि तो टेबलावर ठेवून म्हणालीस, "आता उरलेलं कोण पितं?"

पुढच्या रांगेतला एक उंच मुलगा अर्धा उठला आणि परत बसला. म्हणाला, "मॅडम, पता है सगळं. पुस्तकात आहे. पण नाही होत यार... सॉरी, मॅडम." कोणी हसलं नाही. माझा हात अजून अर्धवट वरच राहिला होता, तो मी हळूच खाली घेतला.

सई उठली. मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी सर्दी होईल म्हणून न पिणारी माझी मुलगी. गेली आणि घटाघट प्यायली. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास आणि मुलांना म्हणालीस, "बघा, परीक्षेत सगळे पास. पेल्यापाशी एकच."

मला तुझा हात दिसत होता. तिच्या पाठीवरचा. एवढी जळले, हेमा, की मला पुढचा प्रश्न नीट ऐकूच आला नाही. कोणीतरी विचारलं होतं, घरच्यांनी तुम्हाला कसं वागवलं? आणि तू म्हणालीस, "माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला माझ्या नावाचं ताट दिलं. त्या मागे बसल्यात."

सगळा हॉल वळला. टाळ्या! माझ्यासाठी! मी उठून हात जोडले. दुसरं काय करणार होते?

हे तुला विचारायचं राहून गेलं. तू त्या दिवशी माझी लाज राखलीस की काढलीस? तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तू तशीच म्हणालीस, जशी म्हणायचीस, छान आहे, ताई, जड आहे. घरी जाताना रिक्षात सईनं विचारलं, "आई, ते ताट खरंच भेट होतं?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" ती बाहेर बघायला लागली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आणि मी तुला भेटले की दर वेळी ठरवायचे, आज विचारू. मग तू चहा करू का म्हणायचीस आणि मला पित्त आठवायचं.

मग त्या सकाळी अळूची पानं खुडता खुडता तुझ्या छातीत दुखलं आणि दुपारच्या आत तू गेलीस. हृदय बंद पडलं. आमच्या तळमजल्यावरच्या बाई भेटायला आल्या, सोफ्याच्या कडेला बसल्या, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे... तेच ना शेवटी?" मी म्हटलं, "नाही हो, हृदय. तिच्या रक्तात ते मोजण्याइतकंही सापडत नव्हतं." त्या म्हणाल्या, "असेल हो. पण तुम्ही जपलंत, वेगळं ताटबीट ठेवून." म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तेरा वर्षं मीच एकटी त्याला भेट म्हणत होते.

तेरावं झालं आणि कॉलेजातून फोन आला. तुझ्या आठवणीसाठी मुलं जमणार आहेत, घरचं कोणी बोलेल का? सई म्हणाली, "आई, तू बोल. तुला येतं बोलता." मी फुलले. मग ती म्हणाली, "पण ताटाचं खरं सांगणार असशील तर. नाहीतर मी बोलेन, आणि मी सांगेन." तिचे डोळे तुझ्यासारखे कसे झाले, मला कळत नाही. रक्ताचं नातंही नाही. मी म्हटलं, बघते.

त्याआधीच्या रविवारी आम्ही दोघी गिरीजला तुझं घर आवरायला गेलो. तुझी मांडणी आवरताना सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक ताट निघालं. कोरं. दुकानाचा गोल स्टिकरही अजून मध्ये चिकटलेला. काठावर तेच मशीन, तीच अक्षरं. 'सौ. मंगल. धाकट्या जाऊकडून सप्रेम भेट.' खाली साल. त्याच गणपतीचं.

म्हणजे तू आमच्याकडे त्या ताटात जेवून घरी गेलीस आणि त्याच दुकानात जाऊन माझं बनवून घेतलंस. मी जेवायला येईन त्या दिवसासाठी. आणि मी तेरा वर्षं उपाशी.

तो टोमणा होता की आमंत्रण, हे मी तिथेच, जमिनीवर बसून खूप वेळ ठरवत होते. सई आत गेली, जे होतं त्याची खिचडी टाकली. मी नखानं स्टिकर काढत बसले. तो निघाला, चिकटा निघेना, मग तुझ्याच बाटलीतलं खोबरेल लावून चोळला. तुझ्या घरातलं माझं एवढ्या वर्षांतलं पहिलं जेवण, हेमा, आणि तू वाढायला नव्हतीस. मीठ कमी होतं. मी काही बोलले नाही.

कॉलेजात मी सांगितलं. सगळं, दुकानापासून. बाक, उपास, पित्त, सुकेळी, टाळ्या. एकही विनोद केला नाही, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट संपल्यावर कोणी हसलं नाही, टाळीही वाजली नाही. तुला हशा, मला शांतता. तेव्हासुद्धा मला ते जाणवलं, काय सांगू. सई पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

मग तुझी करंडी फिरवली. औषधाचे प्रश्न शेजारी बसलेल्या समुपदेशक बाईंनी घेतले. शेवटून दुसरी चिठ्ठी मी उघडली आणि तुझ्या नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचली. 'माझं पण घरी ताट वेगळं आहे. मी काय करू?'

कोणी मान वळवली नाही. एकानंही नाही. तुझी पोरं ती. मला मात्र मान सांभाळणं जड गेलं, तुला माहीत आहे मी कशी आहे, कोण कोणाचं हे कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. मी चिठ्ठीवर डोळे रोवून उभी राहिले. उत्तर येईना. तुला आलं असतं. ह्याच्यावरही मी तुझ्यावर जळले, आणि ह्या वेळी ते बरोबर होतं.

शेवटी म्हटलं, "बाळा, ज्यांनी ताट वेगळं काढलं, त्यांच्यातली मी आहे. म्हणून खात्रीनं सांगते, तुझ्यात काही खोट नाही. घाबरलेत ते. आणि घाबरलेलं माणूस फार प्रेमळ भाषेत बोलतं, त्याला फसू नकोस. औषधाचं, मनातलं, काहीही असेल, ह्या बाईंशी बोल, त्या कोणाला सांगत नाहीत. मी सांगते, म्हणून माझ्याशी नको बोलूस. पण रविवारी गिरीजला आमच्याकडे जेवायला ये. सगळेच या. कोण का आलं, हे कोणी विचारणार नाही."

त्यावर सईनं मान वर केली.

सतरा जण आले. मी पहाटेपासून खपत होते. वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. सईनं मांडणीतली सगळी ताटं काढली, आम्ही चंदनसारहून नेलेलीही त्यात मिसळली आणि पत्ते वाटावेत तशी वाटली. कोणाला कुठल्यातरी आजोबांची एकसष्ठी आली, कोणाला कोणाचं बारसं. त्या उंच मुलाला चि. अरुण आला. "अरुण कौन है?" म्हणाला. मी म्हटलं, "ते आमच्या घरात अजून कोणालाच कळलेलं नाही. जेव." माझ्या नावाचं ताट कोणापुढे गेलं ते मी बघितलं. सांगणार नाही. ती चिठ्ठी कोणाची, ते मला माहीत नाही, आणि मी शोधतही नाही आहे. हे तुला खोटं वाटेल, पण सईला विचार.

तुझं ताट माझ्यापुढे आलं. सईनंच ठेवलं, मुद्दाम की चुकून, विचारलं नाही. मी काठावरून बोट फिरवलं, सप्रेमवरून, आणि जेवले. खरंच जड आहे गं.

जेवणं झाल्यावर सईनं तुझ्या फडताळातली शेवटची पुडी सोडली. एकेक सुकेळं सगळ्यांच्या वाट्याला आलं, मलाही. माझ्या कालवणाला कोणी वाईट म्हणालं नाही. पण पोरं निघाली तेव्हा बोळाच्या टोकापर्यंत एकच ऐकू येत होतं, "काकींची ती केळी, यार! काय होती ती!"

मी दारात उभी, तोंडात तुझं सुकेळं, आणि जळत होते.